उन्हाचं दुकान घेऊ की नको?

त्या यंत्रानं मारलं का तिला? हो की नाही? एवढंच विचारलं होतं हो मी! गणित घातलं होतं का कुणाला? पण तुम्हाला सांगतो, आमच्या सबंध बूटल गावात एक माणूस सरळ उत्तर देईल तर शपथ! डॉक्टरला विचारलं, तर म्हणाला, "हे बघा, अशा आजाराला अनेक कारणं असतात." अरे, अनेक असतील, मी एकाबद्दलच विचारतोय ना! फादरना विचारलं, तर ते खिडकीतून बाहेर बघायला लागले, जसं काही उत्तर पुढच्या बसनं येणार आहे. आईला विचारलं, आईनं चहा टाकला. आमच्या घरात ज्याला उत्तर नसतं त्यावर चहा टाकतात. त्या पंधरवड्यात मी इतका चहा प्यालो की चालताना पोटात डुचमळायचा!

ट्रीना माझी थोरली बहीण. पाठीवर एक तीळ, तोही अशा जागी की तिचा तिला दिसू नये... तो वाढला काय, कॅन्सर होऊन दुसरीकडे पसरला काय, आणि बाई गेलीसुद्धा! आणि कामाला कुठं होती? तर फिलआंटीच्या टॅनिंग सलूनमध्ये. शाळा सुटल्यापासून तिथंच. बाहेर आभाळ म्हणजे लादी पुसलेल्या बादलीतलं पाणी, आणि आत ते सनबेड. खाली निळ्या ट्यूबा, वर निळ्या ट्यूबा, मध्ये माणूस घालायचा, झाकण लावायचं, की माणूस बाहेर येतो तो थेट स्पेनहून सुट्टीत उन्हानं रापून आल्यासारखा. रिकामा वेळ असला की ट्रीना स्वतः झाकणाखाली. मग सांगा, कुणाच्याही मनात येणार की नाही?

तर ती अजून पुरायची होती. आमच्याकडे मेल्यावर पुरायची तारीख मिळवणं म्हणजे दातांच्या डॉक्टरची वेळ मिळवण्यासारखं आहे, थांबा आपले रांगेत! ती तिकडे हॅलिगनकडे, म्हणजे आमचे मयताचं सगळं बघणारे हॅलिगन, त्यांच्या थंडगार खोलीत... आणि इकडे फिलआंटी आमच्या दारात. हातात लझानियाचं भांडं.

"लेनी, बाळा, दुःखाची वेळ आहे, मी एक शब्द बोलणार नाही," म्हणाली, आणि चहाची दुसरी किटली संपेपर्यंत थांबली नाही. "दुकान काढलंय विकायला. गुडघे गेले रे माझे या थंडीत. तिकडे स्पेनच्या टेनेरीफ बेटावर जाऊन राहणार मी आता."

म्हटलं, "आंटी, जन्मभर आम्हाला ट्यूबांचं ऊन विकलंत, आणि स्वतः चाललात खऱ्या उन्हात?"

"खऱ्या उन्हाला विजेचं बिल येत नाही, सोन्या. तू घे दुकान! ट्रीनाच घेणार होती, ठरलंच होतं आमचं. तिच्या विम्याचे पैसे तुझ्याच नावावर केलेत ना तिनं? नाहीतर तो वाफेच्या सिगारेटी विकणारा टपून बसलाय. मला काय, त्याला देईन."

बघा आता माझी गोची! ज्या यंत्रानं बहिणीला मारलं असेल, किंवा नसेल, ते यंत्र बहीण मेल्याच्या पैशांतून घ्यायचं! घेऊ की नको? तुम्हीच सांगा!

हिय्या करून तिलाही विचारलं. "आंटी, खरं सांगा, त्या सनबेडनंच झालं का हो ट्रीनाला?" तर छाती काढून उभी राहिली. "माझ्याकडे बघ! चाळीस वर्षं झोपतेय मी त्याच्यात! काय झालं मला?"

बघितलं मी. गॅरेजमध्ये कुणीतरी विसरलेली चामड्याची पिशवी असते ना, कडेला तडे गेलेली... पण तोंडावर कसं म्हणणार? लझानिया अजून तिच्याच ताब्यात होता!

मग डेसमामा. आईचा भाऊ, आमच्या घरचा न्यायाधीश. नेमणूक कुणी केली ते विचारू नका. टेबलावर मूठ आपटून म्हणाला, "त्या खुनी डब्यात दमडी घातलीस ना लेन्या, तर या घरात पाऊल टाकणार नाही मी!"

"मामा, तू दर शुक्रवारी त्याच डब्यात जाऊन झोपतोस!"

"ते पाठदुखीसाठी! औषध आहे ते माझं!"

"मग खुनी डबा आहे की औषध आहे?"

मामानं आईकडे पाहिलं. आईनं चहा टाकला.

पण खरी कळ लावली ती आईनंच. बशी पुसता पुसता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "तिचं लोकरीचं जाकीट अजून तिथल्या खुंटीवर आहे म्हणे. तो सिगारेटवाला कुठं टाकेल रे ते?" अहो, जाकीट घरी आण म्हणाली असती तर धावत जाऊन आणलं असतं. पण तिला ते आणायचंच नव्हतं! तिला ते तिथंच हवं होतं, त्याच खुंटीवर, ट्रीना आत्ता येईल आणि घालेल असं. आता एका जाकिटासाठी अख्खं दुकान घ्यायचं का हो? घेऊ की नको?

विचारबिचार करणं हा माझा प्रांत नाही. मी गाड्या धुणारा माणूस. एकदा पबमध्ये बसल्या बसल्या शर्यतीचा कुत्रा घेतला मी. फोटो बघून. घरी आणला तर तीन पायांचा! फोटो एका बाजूनं काढलेला होता ना! ट्रीना इतकी हसली होती की तिला उचकी लागली, आणि पुढं सांभाळला कुणी? तिनंच. म्हणून या वेळी म्हटलं, लेनी, नीट वागायचं. जुनी गाडी घेताना आपण चालवून बघतो की नाही? मग दुकानही चालवून बघू!

दफनाच्या आदल्या दिवशी सकाळीच गेलो. फिलआंटी खूश! "ये ये! बघ, सगळ्या सनबेडना नव्याकोऱ्या ट्यूबा घातल्यात!" घर विकायला काढलं की पुढचं दार रंगवतात, त्यातलाच प्रकार. बरं, मी कोण? माझे केस लाल, अंगावर ठिपकेच ठिपके, फ्रीज उघडला तर त्यातल्या दिव्यानं भाजणारा माणूस मी! आयुष्यात त्या झाकणाखाली गेलो नव्हतो. ट्रीनाच जाऊ द्यायची नाही. म्हणायची, "तुझं काम नाही ते, टोमॅटोचं सूप होईल तुझं." पण आता अडवायला कोण होतं?

कपडे काढले. डोळ्यांवर त्या दोन इवल्या वाट्या ठेवल्या. झाकण खाली ओढलं. घूंऽऽ करून आवाज सुरू झाला, पायाशी पंखा लागला... आणि तुम्हाला सांगतो, हसू नका, त्या पंधरवड्यात पहिल्यांदा मला थंडी वाजायची थांबली. ती गेल्यापासून कोट घालून झोपत होतो मी. आणि तिथं? ऊब. कुणी विचारत नाही कसा आहेस. कुणी लझानिया घेऊन येत नाही. तेव्हा कळलं मला, इथल्या बाया रंगासाठी येतच नाहीत मुळी! वाटलं, आत्ता बाहेरून ट्रीना दार ठोठावेल, "ए लेन्या, झोपलास का? उघडा बाहेर येऊ नकोस, इथं माणसं आहेत!" आणि खरंच दार वाजलं! उठलो ते डोकं धाडकन झाकणाला!

फिलआंटी. "आटप, बाळा. रांग लागलीय."

रांग? अहो, बाहेर येऊन बघतो तर काय! दुकान भरून माणसं दारात, दारातून फुटपाथवर, ती थेट फिश-अँड-चिप्सच्या दुकानापर्यंत! केस कुरळे करायला गुंडाळ्या लावलेल्या बाया, त्यांच्या पोरी, एकीचा नवरासुद्धा, भिंतीकडे तोंड करून उभा, ओळख दाखवत नव्हता. फिलआंटी कानाशी लागली, "बघितलास धंदा? आणि हे आडवारी हं!" झालं! माझं डोकं फिरलं. ऊब डोक्यात, धंदा डोळ्यांसमोर, जाकीट खुंटीवर. हात पुढं केला मी. "ठरलं, आंटी! दुकान माझं!" तिनं असा घट्ट धरला हात की टेनेरीफपर्यंत सोडते की नाही कोण जाणे.

मालकाच्या रुबाबात रांगेजवळ गेलो. तिथं आमच्या गल्लीतली ॲग्नीसआजी, काठी टेकत उभी. म्हटलं, "काय आजी, कुणाचं लग्नबिग्न आहे वाटतं?"

"गाढवा! उद्या तुझ्या बहिणीला पोचवायचंय ना? ट्रीनाच्या मयताला अशा पांढरट थोबाडानं गेलो, तर पेटीत उठून बसेल ती! म्हणेल, आजी, माझ्याच दिवशी ही कळा?"

मी मागं बघितलं. आजीच्या मागचीला विचारलं. तिच्या मागचीला विचारलं. सगळ्या ट्रीनासाठी! म्हणजे जो धंदा बघून मी हात मिळवला, तो धंदा माझ्या बहिणीच्या मयताचा! ज्या यंत्रानं तिला मारलं असेल किंवा नसेल, त्याच यंत्रात अख्खी गल्ली तिला निरोप द्यायला ओळीनं झोपत होती! आता एवढ्या बहिणी तर दर आठवड्याला मरणार नाहीत ना हो कुणाच्या?

आणि खरी मजा पुढंच. दुपार कलली तसा सदरा टोचायला लागला. मग पाठ. मग खांदे. आईनं सदरा वर केला आणि किंचाळलीच. पातेलंभर दही थापलं माझ्या पाठीवर, आणि थापता थापता म्हणाली, "नव्या ट्यूबा घातल्या की मिनिटं कमी करायची असतात रे. ट्रीना करायची ना." बरोबर! प्रत्येकीला किती वेळ द्यायचा ते ट्रीना बघायची. कोण गोरी, कोण म्हातारी, कुणाला लगेच फोड येतात. आणि ट्रीना होती हॅलिगनकडे. फिलआंटीनं काय केलं? प्रत्येकीला नेहमीइतकीच मिनिटं दिली! सबंध रांगेला!

दुसऱ्या दिवशी चर्च. अहो, चर्च कसलं, उकडलेल्या खेकड्यांची पाटी! लालबुंद! बाकाला पाठ टेकवून एक माणूस बसेल तर शपथ. सगळे कसे ताठ, पुढं झुकून! फादरना वाटलं, प्रवचन रंगलंय, त्यांनी ते आणखी लांबवलं. आणि नंतर भेटायला आले की मिठी मारायची आमच्याकडे रीत. एकीनं दुसरीला मिठी मारली की दोघीही, "आई गंऽऽ!" खांद्यावर हात पडला की हंबरडा! वायगनहून आलेली आईची चुलत बहीण, बिचारी फिकटच राहिली होती, ती डोळे पुसत म्हणाली, "काय जीव होता हो लोकांचा ट्रीनावर! असा आक्रोश मी कुठं ऐकला नाही." म्हटलं, आंटी, अगदी खरं. आतून आलाय.

दफनभूमीच्या फाटकाशी फिलआंटीनं गाठलंच. तिचं चामडं जसंच्या तसं, त्याला काय होणार! हळूच म्हणते, "सोमवारी किल्ल्या देऊ ना?"

मी तिच्याकडे पाहिलं. तिच्या मागं ॲग्नीसआजी काठीवर, गाल बीटासारखे, कपाळाला मलम, आणि तरी केस नीट बसवलेले, ट्रीनाला आवडायचे तसे. म्हटलं, "नको, आंटी. मला नको दुकान."

"हात मिळवलास तू!"

"मिळवला. पण मिनिटं कमी करायची मला येत नाहीत."

"शीक की मग! त्यात काय एवढं?"

"कुणाच्या पाठीवर शिकू?"

तिनं मान हलवली आणि म्हणाली, "ट्रीनाचं जाकीट गाडीत आहे माझ्या. आईला दे." आणि नाक पुसत निघून गेली. त्या सिगारेटवाल्याकडेच गेली असणार. जाऊ दे.

तेवढ्यात हॅलिगन आले. काळी टोपी हातात. आम्हा पेटी उचलणाऱ्यांकडे एकदा नजर टाकली, सगळे टोमॅटो! खाकरून म्हणाले, "मंडळी, वाट चढाची आहे. कुणाला जमणार नसेल तर आत्ताच सांगा. चाकांची गाडी आहे आपल्याकडे."

डेसमामानं माझ्याकडे पाहिलं. त्याचाही शुक्रवार त्या आठवड्यात लवकर आला होता. म्हणाला, "लेन्या, गाडीच बरी रे."

म्हटलं, "गाडीनं बटाटे नेतात, मामा. उचल."

उचलली. लाकडाची कड बरोबर तिथंच बसली, जिथं रात्री आईनं दही थापलं होतं. डोळ्यांतून घळाघळा पाणी. वायगनची आंटी मागून म्हणते, "बघा, भाऊ कसा रडतोय!" आता तिला काय सांगू, नक्की कशानं रडतोय ते मलाच कळत नव्हतं! निम्म्या चढावर मामा कळवळून म्हणाला, "बाजू बदलायची का?" म्हटलं, "कशाला? ती बाजूही अशीच आहे." आणि चालत राहिलो. डगडग नाही, थांबणं नाही, खड्ड्यापर्यंत सरळ. मला जन्मभर नाही कधी काही नीट जमलं, पण हे केलं.

बहिणीला खांदा दिला हो मी... कातडीसकट.