काळ्या काचेवरचे दाणे

नाही हो ताई, झोपलेत म्हणजे खरंच झोपलेत, मी काही तुम्हाला टाळत नाहीये. बसा ना, ही खुर्ची घ्या, ती दुसरी करकरते आणि हल्ली खुर्ची करकरली तरी त्यांना आत कळतं. पर्स मांडीवरच ठेवायची असेल तर ठेवा. मला ठाऊक आहे तिच्यात काय आहे ते. आता अशा बघू नका माझ्याकडे! सकाळी मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते आणि हे दाराआड उभे राहून तुम्हाला फोन करत होते. तुमचा भाऊ हळू आवाजात बोलायला लागला की सगळ्या मजल्याला ऐकू जातं, हे तुम्हाला माझ्या आधीपासून माहीत असणार. "पहिलीवाली कॅप्सूल आण, पूर्ण ताकदीची. तिला सांगू नकोस." ती म्हणजे मी. लग्नाला अजून वर्ष व्हायचंय आणि एवढ्यात मी 'ती' झाले — बढतीच म्हणायची.

आणलीत ना? आणणारच. मी तुमच्या जागी असते तर मीही आणली असती. आई गेल्यावर ज्याला कडेवर घेऊन वाढवला तो भाऊ फोनवर रडतोय, मग बहिणीने काय विचार करत बसायचं? नाही, मी रागावले नाहीये. रागावायला मुळात अंगात त्राण लागतं. चहा टाकू का? नको? बरं, नको तर नको. गॅसचा आवाजही होतोच म्हणा.

तुम्हाला वाटत असेल, ही कोण कालची आलेली, माझ्या भावाला छळतेय. खरं सांगा, वाटतं ना? शेजारच्या काकूंनाही वाटतं. परवा जिन्यात म्हणाल्या, "अगं, औषध आहे तर दे की, हात का आखडतेस?" जसं काही मी साखरेचा डबा कुलपात ठेवलाय. त्यांना काय सांगणार? जखम दिसते तोवर लोक हळहळतात. दुकानात काचेचा ताव निसटला, कोपराशी हात फाटला, तेव्हा सगळं गाव बघायला आलं होतं म्हणे — मी नव्हते तेव्हा, तुम्हीच होतात. मग टाके निघाले, कातडी जुळून आली आणि सगळे आपापल्या घरी गेले. पण आतली नस काही विसरायला तयार नाही. वरून बोट लावलं तर वाटतं की तापलेल्या तव्यावर हात दाबून धरलाय. बोट कशाला, चादर लागली तरी! पंख्याचा वारा लागला तरी! त्यांच्या सगळ्या शर्टांची डावी बाही मी कापून टाकलीय, बघितलंत ना दोरीवर? काकूंना वाटतं ही नवी फॅशन आहे.

हो हो, तेच सांगतेय. औषधाने आराम होता, नाही कोण म्हणतं? होताच. पण त्या आरामाबरोबर काय काय गेलं ते तुम्ही बघितलं नाहीत. दुकानात शेठ एकच माप तीनदा सांगायचे आणि हे चौथ्यांदा विचारायचे. एकदा म्हणे हातात हिरा धरून नुसतेच उभे राहिले — काच कापायच्या कटरला ते लोक हिराच म्हणतात — आणि रेघ कुठल्या टोकापासून ओढायची होती तेच आठवेना. शेठ चांगला माणूस, ओरडले नाहीत, हळूच हिरा काढून घेतला आणि हातात फडकं दिलं. काचा पुसायला बसवलं ह्यांना, ताई! ज्यांनी आख्ख्या दुकानाला कापायला शिकवलं त्यांना! त्या दिवशी घरी आले, चपलाही न काढता इथे, तुम्ही बसलात तिथेच बसले आणि म्हणाले, "दुखू दे. पण डोकं माझं पाहिजे." आणि बंद. डॉक्टरला विचारणं नाही, मला सांगणं नाही — एकदम बंद.

तुम्ही त्यांना काच कापताना कधी बघितलंय का? मला एकदा दाखवायला नेलं होतं. मापाची पट्टी लावायची, हिरा टेकवायचा आणि एका दमात शेवटपर्यंत रेघ, मग खालून एक टिचकी की काच वेगळी. मध्ये थांबायचं नाही. आणि त्याच रेघेवरून दुसऱ्यांदा तर मुळीच फिरवायचा नाही, फिरवला की काच मन मानेल तिथून फुटते. "एक रेघ, एक टिचकी," म्हणाले. मला काय कौतुक वाटलं होतं! आता कळतं की ह्या माणसाला आयुष्यात सगळंच तसं करायचं असतं. औषधही एका रेघेत तोडायला गेले. पण अंग म्हणजे काय काच आहे? दुसऱ्या दिवशी घाम, मग ओकाऱ्या, मग दातावर दात आपटायला लागले, भिंतीवरची खुंटी चालतेय म्हणाले. आणि मी शहाणी, मला वाटलं ताप आहे, मी कपाळावर गार पट्ट्या ठेवत बसले! डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना असं झापलं ना… म्हणाल्या, हे औषध असं झटक्यात सोडायचं नसतं, जिवावर बेततं. जिना उतरतात तसं उतरायचं, एक-एक पायरी, दम लागला तर त्याच पायरीवर बसायचं. पण खाली उडी मारायची नाही आणि धावत पुन्हा वर पळायचं नाही.

तेव्हापासून आम्ही जिन्यात आहोत.

ती काळी काच दिसतेय ना, खिडकीपाशी, वहीएवढी? ती त्यांनीच कापून दिली मला, कडा घासून वगैरे, बोटाला लागू नये म्हणून. त्या कॅप्सूलमध्ये पांढरे बारीक दाणे असतात, ताई, खसखशीहून थोडे मोठे. डॉक्टरीणबाईंनी समोर बसवून शिकवलंय — उघडायची, सांगितलेत तेवढे दाणे बाजूला काढायचे, उरलेले परत भरायचे, आणि दर थोड्या दिवसांनी अजून थोडे कमी. काळ्या काचेवर पांढरा दाणा लपत नाही. दारं-खिडक्या लावायच्या, पंखा बंद, श्वाससुद्धा बेताने घ्यायचा. तुमच्याकडे लग्नात कोणी तरी म्हणालं होतं ना, सून मुकी आणलीत — बघा, कामाला आलं की नाही! एकदा मात्र मी शिंकले. गेले सगळे दाणे उडून. दोघंही गुडघ्यांवर बसून फरशीवर शोधतोय, ते एक बोट ओलं करून टिपतायत, मी रडायच्या बेतात, आणि अचानक हे हसायलाच लागले. असे हसले! हात दुखतोय, डोळ्यांत पाणी आलंय आणि तरी हसतायत. मी नुसती बघतच राहिले. असं हसणं मी कधी ऐकलंच नव्हतं त्यांचं. माझ्या ओळखीचं हसणं वेगळं होतं — विनोद झाल्यावर जरा वेळाने यायचं, सावकाश, गोड. तसं…

काही नाही. काय सांगत होते मी?

हां, सोपं नाहीये ते. तुम्हाला फोनवर रडताना ऐकू आलं, मला दिवसभर ऐकू येतं. चिडतात, भांडी आपटतात, मग त्या आवाजाने स्वतःच कळवळतात. काल म्हणाले, तुझ्या बांगड्या वाजतात. काढून ठेवल्या. मग म्हणाले, तू पाय घासत चालतेस. आता पाय कुठे काढून ठेवू? मग तासाभराने येऊन माझ्या पायांशी बसले. मी डोक्यावरून हात फिरवायला गेले तर दचकून मागे सरकले. डोकं तर दुखत नाही ना? ते दुखत नाही, पण अंगाने आता कुणाच्याच हाताचा भरवसा धरायचा सोडलाय. असं कुठे वाचलं नाहीये मी, बघून कळतं.

शांत स्वभाव! तुम्हीच म्हणाला होतात ना ताई, पहिल्या भेटीत? "मुलगा फार शांत आहे, आवाज चढवत नाही, हाताला जरा दुखतं एवढंच." टोमणा नाही मारत आहे. खोटं काय होतं त्यात? शांतच होते. ती शांतता औषधाच्या दुकानात मिळत होती, तेवढं तुम्ही सांगितलं नाहीत. आणि मी विचारलं नाही. मी कुठे काय विचारते कुणाला!

तुम्हाला ती भेट आठवते? तुम्ही पलीकडच्या टेबलावर बसला होतात — पाठ आमच्याकडे, कान आमच्याकडे. भिंतीवर मोठा आरसा होता आणि मी आपली मान खाली घालून बसायचं सोडून त्या आरशाच्या कडेकडे बघत होते, कोपऱ्यात टवका उडाला होता म्हणून. हे माझ्या नजरेमागून त्या कडेकडे बघायला लागले. मग हसले, त्यांचं ते उशिराचं हसणं, आणि म्हणाले, "आरशासमोर बसून तोंड न बघता कडा बघणारी माणसं फार कमी असतात. आमच्या दुकानात असं बघणारा मी एकटाच आहे." बस. एवढंच. मी घरी जाऊन हो म्हणून टाकलं. आई म्हणाली, अगं पगार विचार, घर बघ. मी म्हटलं, बघितलं मी काय बघायचं ते.

परवा मी ती गोष्ट काढली. जरा बरं होतं त्यांना, डोळे स्वच्छ होते, मला वाटलं दोघांनी मिळून आठवावं. तर म्हणाले, "कुठला आरसा?" मी सांगितलं. सगळं सांगितलं, टवका कुठे होता तेही. खूप प्रयत्न केला बिचाऱ्यांनी. मग म्हणाले, "खोटं कशाला बोलू? मला ते सगळे महिने धुक्यासारखे आहेत. लग्नातलंही तुटक-तुटक आठवतं. मी असं बोललो होतो? छान बोललो की."

छान बोललो की!

नाही, मी ठीक आहे. पदर नको, रुमाल आहे माझ्याकडे. ताई, मला सांगा, जे बोलले ते हे की त्या कॅप्सूल? ज्यांना मी हो म्हटलं ते कुठे राहतात? नवरा-बायकोची पहिली आठवण दोघांच्या डोक्यात अर्धी-अर्धी असते ना, आमची सगळी मलाच सांभाळायचीय. आणि आत जे झोपलेत ते मला फारसे ओळखीचे नाहीत. बरे आहेत. खरे आहेत. तिखट बोलतात, मोठ्याने हसतात, माप विसरत नाहीत — कालच मला म्हणाले, ह्या खिडकीची काच एका बाजूला केसभर कमी आहे — पण त्यांनी मला पसंत केलेलं नाहीये. मी त्यांच्या घरात आयतीच येऊन बसलेय. आणि तो दुसरा, तो सावकाश हसणारा, तो तुमच्या पर्समध्ये आहे.

हो. तेच म्हटलं मी.

सकाळी फोनवर बोलत होते तेव्हा मी जाऊन फोन काढून घेऊ शकत होते. औषध कमी करायला लागायच्या आधी त्यांनीच माझा हात धरून सांगितलं होतं, उजव्या हाताने: "मी मागेन, पाया पडेन, शिव्या देईन. तू देऊ नकोस." शब्द घेतला होता माझा. आणि मी गॅलरीत ओला शर्ट हातात घेऊन उभी राहिले, ताई, आणि मनात म्हटलं — आणा. लवकर आणा. रिक्षा करून या. संध्याकाळपर्यंत ते इथे बसलेले असतील, डोळे अर्धे मिटून, आणि मी काहीतरी बोलेन आणि जरा वेळाने ते हसतील. तुमच्यासाठी दार उघडलं ना, तेव्हा केस विंचरलेले होते माझे. बघितलंत तुम्ही. कुणासाठी विंचरले होते मी?

नको, बाहेर काढू नका ते पाकीट. ताई, नको. एकसुद्धा नको. डॉक्टरीणबाईंशी बोललेय मी सकाळीच, तुम्ही यायच्या आधी. म्हणाल्या, ह्याच पायरीवर थांबा, पुढचं कमी करू नका, उद्या घेऊन या. तुमच्याजवळची आता त्यांना झेपायचीही नाही, अंगाची सवय गेलीय. मला कळतं हो सगळं. कळतं म्हणूनच सांगतेय, टेबलावर ठेवू नका. तुम्ही ठेवून गेलात तर ते मागण्याच्या आधी मीच देईन. मला ओळखत नाही तुम्ही. मी मुकी आहे, चांगली नाहीये.

थांबा.

जागे झाले.

…अं? नाही हो, कोणी नाही! काकू आल्या होत्या शेजारच्या, गेल्या. नाही, ताई नाही आल्या अजून. हो, आल्या की उठवते. पडून राहा, आलेच मी, पंखा लावू नका.

उठा ताई. त्यांना रडू येईल, तुम्हालाही येईल, आणि मग मला काही जमायचं नाही. पर्स नीट बंद करा. उद्या या, हवं तर परवा या, रिकाम्या हाताने या, पोटभर भांडा माझ्याशी. आता जा. आणि चपला हातात घ्या, फरशीवर टाचा वाजतात तुमच्या. जिन्यात घाला.