मागच्या दाराचं गवत

बसा, फक्त खुर्ची त्या कुंडीला लागू देऊ नका. तर माझा जन्म सोनिवलीचा, बदलापूरजवळचं सोनिवली, आता तिथं सगळ्या बिल्डिंगी झाल्या, तेव्हा छातीएवढं गवत होतं आणि गवतात आम्ही होतो. ज्या वर्षी आमच्या लोकांनी दीक्षा घेतली त्या वर्षी मी झाले, म्हणून कोणी वय विचारलं की आई सन सांगायची नाही, धम्माएवढी आहे म्हणायची. आम्ही गवत कापणारी माणसं. दिवाळी झाली की माळावर जायचं, विळ्यानं कापायचं, भारे बांधायचे आणि तबेलेवाल्यांच्या गाड्या भरायच्या. आई कापायची ते दाढी केल्यासारखं साफ, आणि मी कापायची ते उंदरानं कुरतडल्यासारखं. आई म्हणायची, सुमन, तुझ्यामागनं गाय चालली तर लंगडेल. मला वाटायचं, गवत तर आहे, त्याला काय बघायचं. माझ्याएवढी शहाणी तेव्हा पंचक्रोशीत नव्हती.

लग्न होऊन अंबरनाथला आले, शिवमंदिराच्या मागल्या अंगाला खोली होती आमची. मालक आनंदनगरला कंपनीत होते, ती कंपनी बंद पडली आणि ते घरात बसून सगळ्या जगाला सल्ले द्यायला लागले, मग मी दुसऱ्या एका कंपनीत बागेच्या कामाला लागले, ठेकेदाराकडनं. तिथं तो ट्रॅक्टर आला. शेतातला नव्हे हो, गवत कापायचा, लाल, बुटका, वर बसायला सीट आणि पोटाखाली उलटी परात ठेवल्यासारखं झाकण, त्या परातीत दोन पाती गरगरणार. त्याचा ड्रायव्हर होळीला गावी गेला तो आलाच नाही. सुपरवायझर म्हणाला, कोण बसेल? सगळे माळी आपापल्या चपला बघायला लागले. मी म्हटलं, मी. जन्मात सायकल चालवली नव्हती. पहिल्या दिवशी सरळ कण्हेरीच्या कुंपणात घातला, कण्हेरीसकट बाहेर काढलं मला. पण आठ दिवसांत जमलं, आणि जमलं तशी चढली की हो मला! डोळ्यावर काळा गॉगल, डोक्याला टोपी, साडी खोचलेली, पंचेचाळिशीची बाई, स्वतःला पायलट समजायची. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावं म्हणून गेटापाशी उगाच एक फेरी जास्त मारायची.

दोन हजारच्या पुढची चार-पाच वर्षं झाली असतील तेव्हा ठेकेदारानं मला आणि ट्रॅक्टरला एकाच टेम्पोत घालून उल्हासनगरला पाठवलं, कॅम्प चारला. एका ट्रस्टचं मैदान होतं. पूर्वी तिथं मिलिटरीच्या बराकी, मग फाळणीत आलेली सिंधी माणसं त्या बराकींत राहिली, मग कधीतरी बराकी पाडल्या. वर एक वीट दिसत नव्हती. तिथं हॉल बांधायचा होता, होळीनंतर जेसीबी येणार होता, तोवर हिवाळ्यातल्या कार्यक्रमांसाठी गवत बसकं ठेवायचं, एवढंच काम. आठवड्यातनं दोनदा जायची मी.

आता माझं कापणं कसं होतं ते ऐका. तिसऱ्या गिअरमध्ये भरधाव. मागं बघायचं नाही. दोन पट्ट्यांच्या मधे गवताच्या मिशा राहायच्या, कुठं मातीपर्यंत खरवडलेलं, कुठं वीतभर उभं. आणि त्या मैदानात एक जागा होती, मागल्या बाजूला, दीड हात लांब आणि हातभर रुंद. बाकीचं गवत थंडीत झोपलं, वाढायचं थांबलं, मैदानाला पाणी देणं ट्रस्टच्या जिवावर यायचं, पण ते तेवढं गवत तीन दिवसांत परत उभं. हिरवंगार. दुपारी बारा वाजता त्याच्यावर दव असायचं, काय सांगू तुम्हाला, बाराला. ट्रॅक्टर त्याच्यावर आला की इंजिन खोकायचं. मला वाटायचं ओलं गवत पात्याला गुंडाळतंय, तसंच असणार, आमच्यात भूतबीत मानत नाहीत. पण सुपरवायझर यायचा आणि म्हणायचा, सुमनबाई, मैदानाला शेंडी ठेवली का? मग मी चिडून पुन्हा त्याच्यावरनं जायची, पाच पाच वेळा, आणि शिव्या घालायची. कार्टं मेलं, म्हणायची, एवढंसं आहे आणि हट्ट बघा, थांब तुझी हजामत करते. हे लिहा तुम्ही. असंच म्हणायची मी, मोठ्यानं.

गल्लीच्या पलीकडे मोहिनीआंटी राहायची. साठी उलटलेली, पापडाचा धंदा, खाटेवर पापड वाळत घालायची आणि माझ्या ट्रॅक्टरकडे बघत बसायची. मला वाटायचं कौतुकानं बघते. एक दिवस ती पापड आणि पाण्याचा ग्लास घेऊन आली, त्यांच्यात आलेल्याला तसं देतात. मी गॉगल वर करून पाणी प्यायले आणि ती म्हणाली, बाई, तू बहोत फास्ट चलाती है, ऐसे कैसे दिसेल घर? मी म्हटलं, कोणाचं घर? म्हणाली, हमारा. ह्यातच आहे. बराकी पाडल्यावर एकदा फाल्गुनात इथं गुरांनी गवत एकसारखं खाल्लं होतं, तेव्हा गच्चीवरनं दिसलं होतं. तेव्हा मला वाटलं नाही की परत कधी लागेल. मेरे को पीछे का दरवाजा चाहिए, जेसीबी आने के पहले.

का हवं ते सांगितलं नाही. मला वाटलं म्हातारीचं सटकलंय. पण खरं सांगू, घरादारापेक्षा मला एकच झोंबलं, ह्या पापडवालीनं माझ्या कटिंगला नाव ठेवलं. रात्री जेवण गेलं नाही. हिला दाखवते म्हटलं.

मग मी शिकले. त्या वयात, आईच्या शिव्या आठवून आठवून. चारही चाकांत हवा सारखी भरली, कारण एक चाक बसलं की परात कलते आणि कापलेलं तिरपं दिसतं. परात चारी बाजूंनी जमिनीपासून सारखी उंच आहे का ते बोटांनी मोजलं, एका बाजूला चार बोटं भरायची, एका बाजूला सहा. पाती काढून धार लावली. बोथट पातं गवत कापत नाही, ओरबाडतं, मग शेंडे पांढरे पडतात. आतला वाळलेला गवताचा चिखल खुरप्यानं खरवडला. आणि मग दव उडायची वाट बघितली, पहिला गिअर टाकला, आणि एकेक पट्टा असा घेतला की चाक आधीच्या पट्ट्याच्या आत वीतभर राहील. एका दिवसात खोल नाही कापायचं. आधी वरचं वर, चार दिवसांनी उलट्या दिशेनं थोडं खाली, पुन्हा चार दिवसांनी आडवं. ट्रॅक्टर गोगलगाईसारखा, आणि मी पायलट त्याच्यावर.

तिसऱ्या खेपेला शेवटचा पट्टा संपवला, इंजिन बंद केलं आणि सीटवरच उभी राहून मागं बघितलं.

घर होतं. पिवळ्या रेघांचं. खाली जुन्या भिंतींचा पाया राहिला असणार, त्याच्यावरचं गवत आधी सुकलं, आणि एकसारखं कापल्यावर त्या रेघा वर आल्या, सरळ, दोरी धरल्यासारख्या. खोल्याच खोल्या, एकीला लागून एक, आणि प्रत्येकीला जिथं रेघ तुटली तिथं दार. वारा नव्हता. गल्लीतले रिक्षावाले रोज बोंबलतात, ते पण गप्प झाल्यासारखे वाटले. मला उतरायचं होतं आणि पाय उतरेना, कारण मी कोणाच्या तरी घरात उभी होते, न विचारता. तुम्ही हसाल, पण ट्रॅक्टर बाहेर काढताना मी भिंतीवरनं नेला नाही. दार शोधून दारातनं नेला. भुतं न मानणारी बाई!

आंटीला हाक मारली. ती आली, पहिल्या दारात तिनं चपला काढल्या. मग एक खोली, दुसरी, तिसरी, हात असा बाजूला धरून चालली, भिंतीला लागू नये म्हणून. चौथ्या खोलीत थांबली. इथं चूल, म्हणाली, इथं माझी झोपायची जागा. मग रेघ तुटली होती तिथनं मागं बाहेर पडली आणि तीन पावलं मोजली, तोंडानं, सिंधीत. तिसरं पाऊल त्या शेंडीपाशी पडलं. सकाळी कापलेली होती, पण आजूबाजूला सगळं पिवळं आणि तेवढं हिरवं.

खाली बसली आणि सांगायला लागली. छावणीतला पहिला पाऊस होता, ती सहा-सात वर्षांची. भाऊ चार महिन्यांचा, तापात गेला. आई त्याला लांब नेऊ देईना, म्हणून बापानं फावडं मागून आणलं आणि मागच्या दारापासून तीन पावलांवर मातीत ठेवला त्याला. आई पुढं पन्नास वर्षं जगली. जाताना दोनच गोष्टी बोलली. एक, त्याच्या अंगात मशीन घालू देऊ नका. आणि दुसरी, त्याचं जावळ राहिलं. पहिले केस काढायचे राहिले हो, मुंडण म्हणाली ती.

मी उभी होते ती खाली बसले. गप्प बसता आलं असतं, कोणाला कळलं नसतं. पण मी सांगितलं. आंटी, मी दर तीन दिवसांनी कापते ते. पाच पाच वेळा. आणि कार्टं म्हणते, हजामत करते म्हणते.

तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता ही मारणार. तर ती हसायला लागली, हसता हसता पदर तोंडात कोंबला. म्हणाली, अम्मा पचास साल रोई, और तूने सारी ठंडी उसका मुंडण किया. आणि तिनं माझा हात धरून त्या गवतावर ठेवला. ऊन डोक्यावर होतं, माती तव्यासारखी तापली होती, पण ते गार होतं. माठासारखं गार.

जेसीबी यायच्या आधी आम्ही दोघींनी खुरप्यानं ती जागा उकरली, कोपराएवढी खोल. मातीच निघाली, काळी, मऊ, दुसरं काही नाही. मी म्हटलं नदीत सोडू या का? ती म्हणाली, नको, पाऊस खूप झाला त्याच्या अंगावर. आईच्या ओढणीत माती बांधून नेली आणि गवतासकट कुंडीत ठेवली. हॉल झाला, आता तिथं लग्नं लागतात, बारशी होतात. ट्रस्टनं माझ्या कटिंगचं कौतुक केलं, कशासाठी केलं ते मी सांगत बसले नाही.

नंतर आंटीला मुलानं परदेशी नेलं. विमानात माती नेऊ देत नाहीत. मग ती रिक्षानं अंबरनाथला आली, कुंडी मांडीवर घेऊन, आणि म्हणाली, तू उसकी मौसी है, बाल तूने काटे. आमचे मालक म्हणाले, आता सिंध्यांशी सोयरीक केलीस का? मी म्हटलं, केली. ते गेले, मी बदलापूरला लेकाकडे आले, कुंडी बरोबर आली.

आता ट्रॅक्टर नाही, गुडघे नाहीत, कात्री आहे. महिन्यातनं एकदा कापते. सगळं शिकून झालं माझं, हवा, धार, चार बोटं, तरी हे एकसारखं येत नाही, एक बट वर राहतेच. मेमध्ये चार दिवस पाणी विसरले तरी राहते. पूर्वी मी चिडायची, आता म्हणते, वाढ बाबा, मी आहे तोवर आहे, पुढचं पुढं. सून कुंडीकडे बघून लांबनं जाते, पण नात रोज त्याला गुड मॉर्निंग करते, म्हणजे सोय झाली म्हणायची.

झालं तुमचं लिहून? मंगल होवो तुमचं. आता उठताना त्याच्या डोक्यावरनं जरा हात फिरवून जा. गार लागेल. घाबरू नका, बाळाचं डोकं असंच लागतं.