भाच्याच्या डोक्यासाठी प्रार्थना

मावशी : जिंकले रे बाबा एकदाची! काल बैठकीत सैतानाला असा चीत केला, की बिचारा उठून कपडे झटकत गेला.

भाचा : कशात जिंकलीस?

मावशी : कशात नाही. काही झालंच नाही. तो टॉवेल दे इकडे.

भाचा : अगं, तू आत्ता म्हणालीस...

मावशी : मी काही म्हणाले नाही. सकाळी सकाळी माणूस काहीही बोलतं. खुर्च्या पुसल्यास?

भाचा : पुसल्या. मग पोस्टमन आला. पत्रं दिली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून, डोळे मिटून उभा राहिला. मी म्हटलं, सही हवीय का? तर म्हणतो, धीर सोडू नका.

मावशी : भला माणूस आहे.

भाचा : बेकरीवाल्यानं माझ्या केसांकडे बघत बघत एक पाव जास्त घातला. शाळेतल्या बाई केस कापून घ्यायला बसल्या, तर आरशातून मलाच विचारतात, "मुळापासून खरे आहेत का?" मी म्हटलं, ओढून बघा. त्यांनी ओढले.

मावशी : मग?

भाचा : हातात आले नाहीत. त्या जरा खट्टू झाल्या. मावशी, काल चर्चमध्ये मंडळीच्या प्रार्थना बैठकीत तू काय बोललीस?

मावशी : हे बघ, आधी तू माझ्या जागी बसून बघ. परवा चर्चमधली गाणी बसवणाऱ्या आपल्या क्वायरबाई मागच्या दारानं दुकानात आल्या, डोक्याचा रुमाल सोडला, तेव्हा आपण दोघंच होतो की नाही?

भाचा : होतो. विग मीच बसवून दिला.

मावशी : बशीबशीएवढे चट्टे! डॉक्टर म्हणतात, ताण. केस परत येतील, न येतील, सांगता येत नाही. आणि कुणाला कळू देऊ नका म्हणून त्यांनी आपला शब्द घेतला.

भाचा : तो दिला.

मावशी : दिला ना! पण बाई कोण? जिनं अख्ख्या क्वायरसमोर मला सांगितलं, "तुम्ही गाऊ नका, नुसते ओठ हलवा." तेव्हापासून मी दर रविवारी पुढच्या रांगेत उभी राहून गप्प गाते. आता त्याच बाईच्या डोक्याची गोष्ट माझ्या पोटात, आणि पाळकबाई विचारतात, "कुणाला कुणासाठी प्रार्थना मागायची आहे?" तू काय केलं असतंस?

भाचा : बिस्कीट खाल्लं असतं.

मावशी : तुला थट्टा सुचते. मोह काय शिंगं लावून येतो? तो हात जोडून येतो, डोळे मिटून, कपाळाला आठी घालून. मला वाटलं, मी चहाडी थोडीच करतेय, प्रार्थना मागतेय. सगळ्यांनी मिळून मागितलं तर बिचारीचे केस तरी येतील. आणि खरंच वाटत होतं रे, तीच तर पंचाईत. एकीकडे कळवळा, एकीकडे उकळ्या.

भाचा : म्हणजे बोललीस.

मावशी : अर्धं. "आपल्यातल्या एका व्यक्तीचे केस गळताहेत, मोठा भार आहे, प्रभूनं त्या डोक्यावर हात ठेवावा..." एवढं झालं आणि मी डोळे जरासे किलकिले केले. समोर त्याच. गीतपुस्तकाच्या कडेत बोटं रुतलेली, चेहरा कागदासारखा. तेवढ्यात आतून कुणीतरी माझी मानगूट धरली.

भाचा : प्रभूनं?

मावशी : हात ओळखीचा होता.

भाचा : मग गप्प बसायचं.

मावशी : मध्येच? अर्धी प्रार्थना कुणी सोडतं का? सगळे "हं... हं..." करत थांबलेले. पाळकबाई म्हणाल्या, नाव घ्या, नाव घेतलं की मागणं नेमकं होतं. मग घेतलं.

भाचा : कुणाचं?

मावशी : टॉवेल ओले आहेत रे हे.

भाचा : मावशी.

मावशी : जे डोकं सगळ्यात आधी आठवलं, त्याचं.

भाचा : धन्य आहेस! चहाडीतून सुटलीस ती थेट खोट्यात. आगीतून फुफाट्यात. आणि फुफाट्यात उभं कुणाला केलंस, तर मला.

मावशी : अगदीच खोटं नाही हं. तुझ्या डोक्याला प्रार्थनेची गरज नाही, असं कोण म्हणेल?

भाचा : अगं, मी केस कापतो! माझं डोकं म्हणजे या दुकानाची पाटी आहे. टकल्या माणसाकडून केसांचा सल्ला कोण घेईल?

मावशी : दंतवैद्याचे दात कुठे कोण मोजतं?

भाचा : आणि ही तेलाची बाटली बघ. औषधाच्या दुकानातली ती स्वतः येऊन देऊन गेली. म्हणाली, रोज मुळांना चोळा. तिनं एकदा मान वर करून बघावं म्हणून मी किती दिवस नसलेल्या खोकल्याचं औषध घेतोय. आज बघितलं. पण कुठे? भांगाकडे. आणि डोळ्यांत पाणी.

मावशी : अगंबाई! म्हणजे खोकला नव्हता तुला?

भाचा : मी आत्ता जातो आणि तिला खरं काय ते सांगतो. फक्त तिलाच. ती कुणाला सांगायची नाही.

मावशी : हेच! अगदी हेच वाक्य. काल तो माझ्या कानात याच आवाजात म्हणत होता.

भाचा : म्हणजे माझ्यात सैतान शिरला? मी फक्त माझं टक्कल नाकारतोय.

मावशी : नुसतं नाकारून ती थांबेल? विचारेल, मग कोणाचं?

(मागचं दार वाजतं.)

क्वायरबाई : पुढे कुणी नाही ना?

मावशी : नाही, या बाई, बसा. आम्ही आपलं... हवापाण्याचं बोलत होतो.

क्वायरबाई : विगच्या पुढच्या बटा डोळ्यांवर येतात हो. रविवारी क्वायरला हातानं ताल द्यायचा, की केस सावरायचे?

भाचा : मान खाली घ्या. बोटभर कमी करतो.

मावशी : बाई, कालचं... माफ करा मला. मी बोलणारच होते. अर्धं बोललेच.

क्वायरबाई : तुम्ही तोंड उघडलंत तेव्हा मला वाटलं, संपलं. क्वायर सोडायचं, खिडक्या लावून घरी बसायचं. अजून ह्यांनासुद्धा सांगितलेलं नाही मी. घरात डोक्याला रुमाल बांधून असते. म्हणते, सर्दी आहे.

भाचा : एवढी लांबलेली सर्दी?

क्वायरबाई : ते बिचारे रोज वाफेसाठी पाणी तापवून देतात. मी घेते.

मावशी : मी तर तुम्हाला उघडं पाडायला निघाले होते.

क्वायरबाई : सूर चुकला हे कळलं की माणसं जास्त मोठ्यानं गातात. तुम्ही मध्येच थांबलात. ते फार थोड्यांना जमतं.

मावशी : थांबले कुठे? वळले. याच्या अंगावर. पण बाई, एवढं म्हणताय तर... रविवारी गाऊ का मग मी थोडं?

क्वायरबाई : नाही. ओठच हलवा.

मावशी : बरं.

क्वायरबाई : आणि तुम्ही हो, काल तुमच्यासाठी प्रार्थना कुणी केली, कळलं का तुम्हाला? पाळकबाईंनी मलाच करायला सांगितली.

भाचा : तुम्हाला?

क्वायरबाई : स्वतःसाठी मागायचं मला धाडसच होत नव्हतं. लोक लेकरांचं आयुष्य मागतात, आणि मी केस मागायचे? पण तुमचं नाव घेतलं आणि सगळं बाहेर पडलं. मुळं मागितली. भुवया मागितल्या. आरशात बघायची हिंमत मागितली. रडले. लोकांना वाटलं, या बाईला यांच्या भाच्याची केवढी माया!

भाचा : तरीच बेकरीवाला हेलावला.

क्वायरबाई : तुम्हाला फार ऐकून घ्यावं लागतंय का? मग मी सांगून टाकते सगळ्यांना. आजच.

मावशी : याच्या टकलासाठी नका हो सांगू. तुम्हाला वाटेल तेव्हा सांगा, किंवा नका सांगू.

भाचा : आधी घरी सांगा, बाई. पाणी तरी तापवायला लागणार नाही त्यांना.

क्वायरबाई : आज सांगते. आणि ती औषधाच्या दुकानातली? दाराबाहेर ऐकलं मी सगळं. आमच्याच क्वायरमध्ये आहे ती. बैठक संपल्यावर मला परत परत विचारत होती, "ते बरे होतील ना?" तिला सांगा तुम्ही. माझी परवानगी आहे.

मावशी : घे! परवानगी मिळाली.

भाचा : मावशी, गप.

मावशी : मी नुसते ओठ हलवले.

भाचा : नाही हो बाई. तुम्ही आत्ता घाबरून परवानगी देताय. ती काय खरी परवानगी झाली? तिला सांगितलं तर रविवारी तुमच्याशेजारी उभी राहून ती गाण्याकडे बघेल, की या बटांकडे? राहू दे. मी तेल चोळतो.

क्वायरबाई : आणि तिनं तुमच्याकडे कायम असंच बघितलं तर? कीव केल्यासारखं?

भाचा : आधी ती बघतच नव्हती. मान जरा डावीकडे. हं. बाटली मोठी आहे, निम्मं तेल तुम्ही न्या. मुळांना चोळा म्हणाली आहे.

क्वायरबाई : ...आणते मी बाटली घरून.

मावशी : ते सगळं ठीक. पण पुढच्या बैठकीत पाळकबाई मला विचारणार, भाचा कसा आहे? आता मी खोटं बोलणार नाही. काय सांगू?

भाचा : सांग, डोकं जागेवर आहे. आणि माझ्याकडून एक निवेदन दे. बाई, हलू नका, कात्री चालू आहे. "प्रार्थना मंडळ आणि त्यांचं वरचं कार्यालय यांना नम्र विनंती, की अर्जदार भाच्याच्या नावे कालपासून जमा झालेल्या व यापुढे जमा होणाऱ्या सर्व प्रार्थना, कोणाचंही नाव न विचारता, योग्य त्या डोक्याकडे वर्ग करण्यात याव्यात, आणि तसं केल्याची लेखी पोच, शक्यतो रविवारच्या आत, अर्जदारास मिळावी."