कवडूजींच्या प्रश्नाला मिळालेला मान

टाळ थांबू द्या, मंडळी. मृदंगवाले बुवा, हात जरा मांडीवर ठेवा. आज आधी एक प्रश्न, मग कथा.

माणूस गेला की आपण त्याला मान देतो. हार घालतो, हात जोडतो, डोळे पुसतो. पण तो जिवंत असताना जे मागत होता, ते न देता दिलेला मान कुणाच्या कामाचा? त्याच्या — की आपल्या?

पुढे बसलेले काका मान डोलावतायत. अहो काका, आख्यान सुरू तर होऊ द्या! ऐका.

नागपूर. डिसेंबरची सकाळ. हिवाळी अधिवेशन संपायला एक दिवस राहिलेला. आमदार निवासाच्या एका खोलीत कवडूजी उरकुडे, विरोधी पक्षाचे आमदार, गळ्यात मफलर गुंडाळून पोह्यांवर तर्रीचा झणझणीत रस्सा ओतून घेतायत. समोर त्यांची लेक ज्योत्स्ना. अमरावतीला कॉलेजात शिकवते. पुस्तकांत रमणारी, मोजकं बोलणारी. बाप गडगडाट, लेक मुकी! देव एकाच घरात दोन्ही का घालतो, त्यालाच ठाऊक.

"बाबा, तर्री पुरे. डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"तो डॉक्टर सरकार पक्षाचा आहे वं! त्याचं काय आयकतं?"

ती हसली. कवडूजींनी आणखी एक पळी ओतली.

"उद्या येजो बरं गॅलरीत. पिंपळझरीचे लोकं टेम्पो करून येऊन राह्यले. उद्या मंत्र्याले उभं राहूनच उत्तर द्या लागते."

"येईन."

"अन् उद्या कोणी हासणार नाही, पाहजो."

ती रिकामी ताटली उचलून मोरीकडे गेली. साधी सकाळ, मंडळी! अशा सकाळी आपण सगळेच ताटल्या उचलतो. ही शेवटची, असं ताटलीवर लिहिलेलं नसतं.

आता तुम्ही विचाराल, हसलं कोण? आणि कशाला?

पिंपळझरी हे कवडूजींच्या मतदारसंघातलं गाव. तिथलं बोअरचं पाणी दिसायला काचेसारखं, पण त्यात फ्लोराइड. आधी पोरांचे दात पिवळे पडतात. मग गुडघे आखडतात, मग कणा. चाळिशीतला माणूस जमिनीवर पडलेलं काही शोधतोय असा चालतो! कवडूजींची मागणी एकच — नदीचं पाणी शुद्ध करून नळानं द्या. आणि सरकारचं उत्तर? दरवेळी एकच — "कार्यवाही सुरू आहे." मंडळी, हे असं व्रत आहे की ज्याचं उद्यापनच होत नाही!

तर याच अधिवेशनात, पहिल्या आठवड्यात, कवडूजी पिंपळझरीच्या पाण्याची बाटली घेऊन उभे राहिले.

"अध्यक्ष महोदय! मंत्रिमहोदयांनी यातला एक घोट प्यावा! फक्त एक!"

"सन्माननीय सदस्य, सभागृहात वस्तू दाखवता येत नाही. खाली बसा."

पाणीपुरवठा मंत्री हसत उठले. "अध्यक्ष महोदय, उरकुडेजी इतकी वर्षं एवढं जोरात कसं बोलतात, याचा मला प्रश्न पडायचा. बाटली आज दिसली!"

हशा! बाकं वाजली. सरकार पक्ष हसला, ठीक. पण कवडूजींच्या मागच्या बाकांवरचे त्यांचेच सहकारी? तेही तोंडावर कागद धरून हसले!

कवडूजी उभेच राहिले. झाकण उघडलं. मंत्र्यांकडे बघत सगळी बाटली प्यायले, तोंड पुसलं, आणि खाली बसले.

वर गॅलरीत त्या दिवशी ज्योत्स्ना होती. शेजारच्या बाईनं हसत विचारलं, "कोण हो हे?" ज्योत्स्नानं मान खाली घातली.

पण त्या बाटलीनं काम केलं! वर्तमानपत्रांत छापून आलं. अध्यक्षांनी कवडूजींची लक्षवेधी सूचना दाखल करून घेतली — म्हणजे आता मंत्र्याला सभागृहात उत्तर देणं भाग. शेवटच्या दिवशी पहिलाच विषय. खात्याच्या एका अधिकाऱ्यानं कॉरिडॉरमध्ये हळूच सांगितलं, "साहेब, यावेळी होकार लिहिलाय. मंत्री सभागृहात बोलले की योजना पक्की."

इतक्या वर्षांनी पाणी एका वाक्याच्या अंतरावर आलं होतं, मंडळी. एका माणसानं उभं राहायचं, आणि एक वाक्य वाचायचं!

आणि त्या शेवटच्या दिवशी पहाटे कवडूजींच्या छातीत कळ आली. हॉस्पिटलच्या दारात सगळं संपलं.

पार्थिव गावी नेणारी गाडी दुपारी निघायची होती. पक्षाचे नेते लेकीला म्हणाले, "ताई, सभागृह श्रद्धांजली वाहणार आहे. तुम्ही यायला हवं." ती गेली. श्रद्धांजलीसाठी नाही हो! तिच्या मनात एकच — बाबा नाहीत, पण प्रश्न तर आहे. उत्तर तर येईल.

गॅलरीत पिंपळझरीची माणसं आधीच बसली होती. फाटकावरच त्यांना बातमी कळली होती. त्यांच्यातल्या म्हाताऱ्या भागरथाबाईनं ज्योत्स्नाचा हात धरला.

सगळ्यात आधी उठले ते मंत्री. म्हणाले, "एक निर्भीड आवाज हरपला. माझ्या मित्राचा आवाज." बोलता बोलता त्यांनी डोळे पुसले. आणि ऐका मंडळी — ते अश्रू खरे होते! खोटे असते तर किती सोपं झालं असतं. शिव्या घालून आपण घरी गेलो असतो.

मग मौन. सगळं सभागृह उभं राहिलं, ताठ, हात जोडून. वर गॅलरीतही माणसं उठली. पण पिंपळझरीच्या माणसांना ताठ उभं कसं राहता येणार? कुणी कठड्याला धरून, कुणी गुडघ्यावर हात टेकून. पाठी कमरेतून वाकलेल्या, माना खाली. प्रश्न स्वतःच्या पायांनी चालत आला होता, मंडळी! आणि खाली सगळ्यांचे डोळे मिटलेले. मौनात डोळे मिटायचे असतात ना!

मग अध्यक्ष म्हणाले, "दिवंगत सदस्यांच्या सन्मानार्थ आजचं कामकाज स्थगित करण्यात येत आहे."

संपलं. बाकं रिकामी व्हायला लागली. मंत्र्यांनी समोरची फाइल मिटून सचिवाकडे दिली. त्या फाइलीत तो होकार होता.

भागरथाबाई अजून खालीच बघत होती. "माय, आता साह्येबाच्या प्रश्नाचा नंबर ना?"

गॅलरीत बंदोबस्ताला असलेला मार्शल जवळ आला. माणूस भला होता. "आजी, अधिवेशन संपलं. ज्यांचा प्रश्न होता तेच राहिले नाहीत. प्रश्न गेला."

"मंग पाणी?"

मार्शलनं दाराकडे हात दाखवला.

भागरथाबाईनं पदरानं डोळे टिपले. "पण केवढा मान देल्ला वं साह्येबाले! सारं बंद केलं त्याच्यासाठी!"

आता सांगा काका, दोष कुणाचा? मंत्र्याचा? तो रडला. अध्यक्षांचा? त्यांनी परंपरा पाळली. कुणीही वाईट वागलं नाही, आणि पिंपळझरीत आजही तेच बोअर चालू आहे! आणि आपण? आपल्याही घरात कुणीतरी रोज काही मागत असेल. आपण म्हणतो, बघू, कार्यवाही सुरू आहे. तो गेला की त्याचा फोटो मोठा करून भिंतीवर लावू, चंदनाचा हार घालू! फोटो मागत नाही ना काही. म्हणून तर तो आपल्याला इतका आवडतो. आज घरी जाल, तेव्हा ज्याचा आवाज नकोसा होतो, त्याच्यासमोर आधी बसा. मी देवाचं नाव घेऊन सांगतेय, याहून मोठं पुण्य मला ठाऊक नाही. आणि हेही सांगते, ज्याला उशीर झाला, त्याला कुठलंच पुण्य पुरत नाही.

ज्योत्स्ना कठड्याशी उभीच होती. मार्शल हळू आवाजात म्हणाला, "ताई, चला. गॅलरीत बोलता येत नाही."

तिनं कठडा सोडला नाही. खाली कवडूजींच्या जागेवर कुणीतरी पांढऱ्या फुलांचा गुच्छ ठेवला होता. जन्मभर हळू बोललेली ती बाई, त्या रिकाम्या होत चाललेल्या सभागृहात सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली —

"बाबा, त्या दिवशी ते सगळे हसले ना, तेव्हा मला खाली येऊन तुमच्या शेजारी उभं राहायचं होतं."