अर्धी वाघर

न्हाई न्हाई, नायलॉन नको शेठ, सुतीच काढा — नायलॉनची गाठ सरकती, आन् तिला नायलॉन चालत न्हाई. ती म्हंजी — सांगतो, आधी दोरी तर दावा. वाघर इणायचीय. मेंढ्या कोंडायची जाळी वो, तुमच्या वडलांकडनंच न्यायचो आम्ही दोरी. मेंढ्या? छ्या, सगळ्या विकल्या, चार वरसं झाली. मग वाघर कशाला — तिथंच तर गंमत हाय.

माझी सोनम पोर्तुगालला असती, जावई तिथं हॉटेलात सैपाकी. समुद्राकडंचं गाव, मासं धरणाऱ्यांचं. पहिल्यांदा नेलं तिनं तवा सकाळचा फिरायला गेलो, तर किनाऱ्याला काठ्या रोवून नुसत्या जाळ्याच जाळ्या. म्हणलं, आरं, हितंबी वाघर, म्हंजी आपलीच माणसं की ही. एक काळ्या कपड्यातली बाई भिताडाला टेकून गाठी मारत बसलेली — तिला इचारलं, बाई, मेंढ्या कुठायत? तिला भाषा कळंना, मग ब्यॅ ब्यॅ करून दावलं. साठी उलटलेला, धोतर-पटक्यातला माणूस, समुद्रापुढं उभा राहून ब्यॅ ब्यॅ. ती हसली शेठ, अशी हसली की डोळ्याला पदर — पदर कुठला तिला, बाहीच लावली. फिलोमेना नाव. तिचाबी मालक गेलेला, माझी तर बारा वर्सांमागं गेली. मग रोज जाऊन बसायचो. तिची गाठ मी शिकलो, माझी ती शिकली. बोलायला लागतंय कुठं त्यात.

औंदा परत गेलो, पाच वर्सांनी. गाव वळखंना. किनाऱ्याला जाळ्या न्हाईत, हुत्या त्या हॉटेलाच्या भिंतीला टांगलेल्या, आन् त्यात प्लॅस्टिकचं मासं. कोळ्यांच्या घरांना निळा-पिवळा रंग, दाराला आकड्यांची कुलपं, पाव्हणं येत्यात, आठ दिस राहून जात्यात. आन् तिच्या भिताडापाशी आईस्क्रीमची गाडी. सोनमला इचारायचं तर लाज वाटायची. तीन दिस हिंडलो, दिसंल त्याला हातानं गाठ मारून दावत. लोकं पैसं द्यायला लागली मला. चौथ्या दिशी टेकाडावरच्या इमारतीत घावली. खालचं घर तिच्या पोरानं पाव्हण्यांना भाड्यानं दिलेलं, तिला नेऊन वर ठिवलेली, खिडकीतनं समुद्रबी दिसत न्हाई. हात रिकामं. मला दारात बघितलं आन् काय म्हणली ठावं हाय? ब्यॅ.

मग खाणाखुणांनीच ठरलं आमचं. अर्धी जाळी तिनं इणायची, अर्धी मी हितं, आन् चैतात नेऊन जोडायची. कशाला म्हंता? तिथं मासं धरत न्हाईत, हितं मेंढ्या न्हाईत — कशालाच न्हाई. पर चैतात गेलो की मी काय माघारी येत न्हाई. — हे बोललो व्हय मी? कुणाला सांगू नका शेठ, सुमितला, पोराला, अजून सांगितलं न्हाई. आज सांगू, उद्या सांगू करत महिना गेला. तो म्हणंल म्हाताऱ्याला चळ लागला. लागू दे की.

थांबा, त्याचाच फोन. — हां, बोल. शिरूरला हाय, बाजारात. दोरी घेतोय. शेळीला, आनखी कशाला. —

कंची शेळी, इचारतोय वो. शेळी कुठाय आमच्याकडं.

— हां, हाय, ऐकतोय. न्हाई रं, शेळीला न्हाई. घरी येतो. सांगायचंय तुला. कुठं जाऊ नको, आलोच.

बघताय काय शेठ, बांधा की दोरी.