पॉलिश पेपर

रंगाच्या दुकानात रांग हलत नव्हती. एका शिक्षिकेच्या पुढे एक म्हातारा डेंटर, गाड्यांचे पोचे काढणारा, बायकोसोबत उभा होता, बोटांत पॉलिश पेपर चाचपत.

“हाच द्या, बारीक आहे.”

“अहो, जाडा आहे तो. गाडीच्या दाराला चरे पडतील.”

“इथे उजेड कुठाय?”

“तुम्हाला कधीपासून उजेड लागायला लागला? डोळे मिटून पत्र्यावर हात फिरवला की खड्डा सापडायचा.”

“बोटं बधिर झालीत गं. घासायचं मशीनच घेऊ.”

“मशीन घासेल. थांबायचं कुठे, ते कोण सांगणार?”

म्हाताऱ्याने हातातला कागद परत ठेवला.

“मला शिकवा.”

“भांडी घासून घट्टे पडलेत तुझ्या हाताला.”

“पण कळतंय ना त्याला अजून!”

दुकानदाराने बारीक कागद पुढे सरकवला. म्हाताऱ्याने तो बायकोपुढे धरला.

“बरं. धर हा. आधी डोळे मीट.”