आबांची हिरवी भिंत

आबांच्या पाठीला डोळे होते म्हटलं, तर हसताय काय! त्यांच्या घरात नांदला असतात, तर कळलं असतं.

आबा म्हंजी माझे सासरे, दौंडला रेल्वेत होते. रिटायर झाल्यावर त्यांची मान अशी आखडली, की वळायचीच न्हाई. दिवसभर दाराकडं पाठ करून खुर्चीत, तोंड भिंतीकडं. तरी मी मागनं दबकत गेले, की आवाज यायचाच.

"सूनबाई, पदराखाली काय लपवलंय?"

माझ्या अंगावर सर्रकन काटा यायचा. पाठीला डोळे हायेत का ह्यांच्या? का काही करणीबिरणी येती?

दिराच्या लग्नाला घर रंगवायला काढलं. त्या भिंतीला हिरवा ऑइलपेंट होता, आरशागत चमकायचा. रफिकभाई पेंटरनं पॉलिश पेपरनं घासून चकाकी घालवली आन् वर मॅट रंग दिला. भिंत कशी मऊ दिसायला लागली.

दुसऱ्या दिवशी मी चहा घेऊन मागनं गेले. आबा गप्प. म्हटलं, झोप लागली वाटतं. कप पुढं केला, तर म्हातारा असा किंचाळला, की कप माझ्या हातनं सुटलाच. आबांनी खुर्चीचे हात गच्च धरले.

"आबा, मी हाय, मी!"

"भिंतीत दिसायचं गं समदं," ते म्हणाले. "आता मागनं कोण येतंय, कळतच न्हाई. लई भ्या वाटतंय."

तवापासून आबा होते तवर मी दारातच आधी बांगड्या वाजवायची, मगच आत पाऊल टाकायची.